दर वाढवायचा की नाही? 24 डबे देऊनही हात रिकामा का राहतो

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरून दुपारचे 24 डबे देतात, 80 रुपये डबा, रविवार सुट्टी. डब्यात चार घडीच्या पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा लोणचं. मेंबर निम्मे विद्यार्थी, निम्मे नोकरदार. स्वयंपाक त्या एकट्या करतात, यजमान स्कूटरवर डबे पोचवतात, घरात खाणारी माणसं चार. त्यांचा प्रश्न असा: "भाज्या, तेल, गॅस सगळंच महागलंय. दिवसभर राबूनही महिनाअखेर हातात काही उरत नाही. दर 90 केला तर मेंबर तुटतील, नाही केला तर परवडत नाही. काय करू?"

ताई, दर वाढवायचा की नाही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. "हातात उरत नाही" याची तीन कारणं असू शकतात. एक, डबाच तोट्यात जातो. दोन, डब्यात फायदा आहे, पण सगळ्या डब्यांचे पैसे मिळत नाहीत. तीन, पैसे मिळतात, पण ते घरखर्चात मिसळून जातात आणि दिसत नाहीत. दरवाढ हा फक्त पहिल्या कारणावरचा उपाय. दुसरं किंवा तिसरं कारण असेल तर 90 केले तरी सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

पुढे जे भाव धरले आहेत ते हिशेबाची रीत दाखवण्यापुरते. तुमच्या दुकानदाराचा भाव, गल्लीतला भाजीवाला, डब्यांचं अंतर, मेंबर कोण आहेत, यावर आकडे बदलतील. रीत बदलणार नाही. तुमचे भाव घालून तीच बेरीज पुन्हा करा.

सुरुवात वजनकाट्यापासून. 300-400 रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि आठवडाभर सगळं मोजून करा. अंदाजाने घातलेली मूठ रोज वेगळी असते, आणि ती बहुतेक मोठीच पडते.

घडीच्या पोळीला 35 ग्रॅम कणीक धरा. किलोभर कणकेच्या 28 पोळ्या होतात. भिजवलेला उंडा 55 ते 58 ग्रॅमचा असायला हवा. 24 डब्यांच्या 96 पोळ्या म्हणजे रोज साधारण 3 किलो 360 ग्रॅम कणीक आणि त्यात दोन लिटरच्या आसपास पाणी. गव्हाप्रमाणे पाणी कमी-जास्त लागतं. उंडा 65 ग्रॅमचा होऊ लागला तर रोज अर्धा किलो कणीक जास्त जाते आणि पोळी जाड होऊन दुपारपर्यंत कडक पडते, म्हणजे खर्चही जास्त आणि तक्रारही जास्त. भाताला 60 ग्रॅम तांदूळ पुरतो, शिजून तो 160 ग्रॅमपर्यंत होतो. आमटीला 25 ग्रॅम तूरडाळ. भाजी निवडलेली 120 ग्रॅम. तेल पोळी, भाजी आणि फोडणी मिळून 20 ग्रॅम. कांदा 30 ग्रॅम, टोमॅटो 20 ग्रॅम.

भाजीचा भाव धरताना बहुतेकींची चूक होते. बाजारातला किलोचा भाव खरा नसतो, निवडल्यानंतर हातात जे उरतं त्याचा भाव खरा. फ्लॉवर पानं-दांड्यासकट 60 रुपये किलोने घेतला आणि किलोमागे 580 ग्रॅम तुरे निघाले, तर तो फ्लॉवर तुम्हाला 103 रुपये किलो पडला. कोबी 40 रुपयांचा, त्यातला 880 ग्रॅम कामाला आला, म्हणजे 45 रुपये. मटाराच्या किलोभर शेंगांत दाणे 400 ते 450 ग्रॅमच. मेथीची पानं खुडल्यावर जुडीचं वजन जवळपास निम्मं होतं आणि कढईत ती आणखी बसते, त्यामुळे स्वस्त जुडी पाहून मेथी घेतली तर 24 डब्यांना पुरत नाही आणि ऐन वेळी बटाटा घालावा लागतो. एका वहीत प्रत्येक भाजीपुढे "किलोचे इतके ग्रॅम" असं एकदा लिहून ठेवा. नंतर मंडईत उभ्याउभ्या खरा भाव कळतो.

आता एका डब्याची बेरीज. कणीक 45 रुपये किलो दळणासकट धरली तर 6.30. तांदूळ 55 ने 3.30. तूरडाळ 130 ने 3.25. निवडलेली भाजी सरासरी 90 ने जवळपास 11. तेल 150 रुपये किलोने 3. कांदा, टोमॅटो, मिरची, लसूण, कोथिंबीर मिळून 4. मसाले, मीठ, गूळ, दाण्याचं कूट 3. कोशिंबीर-लोणचं 4. हे झाले 38 रुपयांच्या घरात.

याच्या पुढचे खर्च बहुतेक जणी धरतच नाहीत. गॅस: एवढ्या स्वयंपाकाला रोज अर्धा ते पाऊण किलो जातो. 550 ग्रॅम आणि 95 रुपये किलो धरलं तर डब्यामागे 2.20. घासणं, साबण, पाणी, वीज 1.50. स्कूटरचं पेट्रोल आणि देखभाल रोज 40 रुपये धरली तर 1.65. स्टीलचे डबे: 24 मेंबरांना दोन संच लागतात, एक गेलेला आणि एक परत आलेला, वर दोन-तीन जादा. 50 डबे 400 रुपयांनी म्हणजे 20,000, तीन वर्षांत ते पोचे पडून, झाकणं हरवून संपतात, म्हणजे डब्यामागे 90 पैसे. पातेल्यात थोडं जास्त करावंच लागतं, त्यासाठी 5 टक्के, म्हणजे 1.90. एकूण 46 रुपये.

80 मधून 46 गेले, 34 उरले. 24 डबे, 26 दिवस, म्हणजे 624 डबे. महिन्याचे सुमारे 21,200 रुपये. हा तुमच्या मेहनतीचा मोबदला, पण तोट्याचा धंदा नाही. मग हे 21,200 जातात कुठे?

पहिली गळती खाड्यांची. सकाळी दहाला मेसेज येतो, "काकू, आज डबा नको." तोवर पोळ्या झालेल्या, भाजी उतरलेली. तो डबा तुम्ही बिलातून वजा करता. रोज असे दोन धरा. महिन्याला 52 डबे, 4,160 रुपये. म्हणजे हातात 17,000. दिवसाचे आठ तास धरले तर महिन्याचे 208 तास होतात, तासाला जेमतेम 82 रुपये. हे 4,160 रुपये सगळ्या डब्यांवर वाटले तर डब्यामागे 6.67 रुपये होतात. हा आकडा लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

दुसरी गळती घराची. घरातली चार माणसं दुपारी त्याच पातेल्यातलं जेवतात. त्याचं नुसतं साहित्य 4 गुणिले 38 गुणिले 26, म्हणजे जवळपास 4,000 रुपये. रात्रीचा स्वयंपाकही त्याच डब्यातल्या डाळीने आणि त्याच पिंपातल्या कणकेने होत असेल तर आणखी तेवढेच. हा तोटा नव्हे. तुमच्या धंद्यावर घर जेवतं आहे, ही तुमची कमाईच आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना आकड्यात दिसायला हवी. "डब्यांतून काही मिळत नाही" असं घरात बोललं जातं ते याच कारणाने. डब्यांचं सामान वेगळ्या मांडणीवर ठेवा, निदान गहू, तांदूळ, डाळ आणि तेल एवढं तरी. घरासाठी त्यातून काढलंत तर वहीत लिहा आणि महिन्याच्या शेवटी घरखर्चातून तेवढे पैसे डब्यांच्या खात्यात टाका. खातंही वेगळं असू द्या. क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. घरखर्चाला महिन्यातून एकदा ठरलेली रक्कम त्यातून काढा. किराणा, मुलांची फी आणि मेंबरांचे पैसे एकाच खात्यात आत-बाहेर होत राहिले की कुणालाच हिशेब लागत नाही.

तिसरी गळती उधारीची. महिना संपल्यावर पैसे घेतलेत तर तुम्ही दीड महिना दुसऱ्यांच्या जेवणाचा खर्च स्वतःच्या खिशातून करता. आणि वसतिगृह सोडून गेलेल्या मुलाकडून शेवटचा महिना वसूल होणं कठीण.

पहिल्या आणि तिसऱ्या गळतीवर मिळून चालणारा उपाय म्हणजे आगाऊ कार्ड. 26 डब्यांचं कार्ड, पैसे आधी, मुदत 40 दिवस. डबा गेला की एक खूण. नको असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं, खूण होणार नाही. आठनंतर कळवलं तर डबा धरला जाईल. यात महिन्याच्या शेवटी खाडे मोजत बसायला नको आणि वादही नको, कारण मेंबराला त्याचे 26 डबे मिळतातच. 40 दिवसांची मुदत ठेवायची कारण दिवाळीला गावी जाणाऱ्याला सवड मिळते, आणि कार्ड वर्षभर लोंबकळतही नाही. आजारपण, घरचं दुःख अशा वेळी नियम बाजूला ठेवा. पण "मित्राचा वाढदिवस होता" याला नको. रात्री आठची वेळही कारणाने ठरवली आहे: तेव्हाच तुम्ही कडधान्य भिजवता, भाजी निवडता. तुमचं निवडणं सकाळी होत असेल तर वेळ पहाटे सहाची ठेवा, पण ती घड्याळावर पाळा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. बहुतेक मेंबर तिसऱ्या आठवड्यापर्यंत सरावतात.

आता महागाईकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नात सगळा भर तिच्यावर आहे. बातमी आली की छातीत धस्स होतं, हे खरं. पण प्रत्येक बातमी ग्रॅममध्ये उतरवून पाहा.

कांदा 30 वरून 70 रुपयांवर गेला. तुमच्या डब्यात 30 ग्रॅम कांदा. वाढ 1.20 रुपये. टोमॅटो 2023 च्या जुलैत देशभर शंभरीच्या वर गेला होता, नेपाळहून मागवायची वेळ आली होती. तसं पुन्हा झालं आणि 30 चा 120 झाला, तर 20 ग्रॅममागे वाढ 1.80. खाद्यतेलाचं पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणलं. किलोमागे 30 रुपये वाढले तरी 20 ग्रॅमला 60 पैसे. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर 100 रुपयांनी महागला तर डब्यामागे 12 पैसे. हे चारही एकाच महिन्यात घडलं तरी बेरीज 3.72 रुपये होते. आणि सकाळी दहाच्या त्या मेसेजमुळे तुमचे डब्यामागे 6.67 रुपये जातात, तेही दर महिन्याला, बातमी असो वा नसो.

डब्याला खरी झळ बसते ती मुख्य भाजीची, कारण ती 120 ग्रॅम आहे. किलोमागे 40 रुपये वाढले तर डब्यामागे 4.80. ही वाढ दराने भरून काढू नका, पदार्थ बदलून काढा. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, पालेभाज्या आणि फ्लॉवर महाग आणि खराबही निघतात. तेव्हा आठवड्यातले तीन दिवस कडधान्याचे करा. मटकी 40 ग्रॅम पुरते, मोड आल्यावर ती दुपटीच्या थोडी वर जाते. छोले, चवळी, मसूर, वाल आलटून-पालटून. पिठलं, झुणका, बटाट्याची पिवळी भाजी, दुधी किंवा लाल भोपळा यांत महिना निघतो. मेंबरांची तक्रार पदार्थ साधा असल्याची क्वचितच असते, तोच पदार्थ आठ दिवसांत दुसऱ्यांदा आला की होते. म्हणून दोन आठवड्यांचा तक्ता लिहून फळीवर चिकटवा. टोमॅटो महाग असेल तेव्हा आमटीला आमसूल किंवा चिंच घाला. गोडा मसाला आणि आमसूल ही तर आपली जुनीच आमटी.

कांद्याबाबत तुम्ही नाशिकच्या आहात, लासलगावची कांद्याची बाजारपेठ तुमच्याच जिल्ह्यात. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा टिकतो, हवेशीर जागी पातळ थरात पसरला तर चार-पाच महिने. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्यावा. तुम्हाला महिन्याला 19-20 किलो कांदा लागतो. मेमध्ये 80 किलो भरून ठेवलात तर सप्टेंबरपर्यंतची काळजी मिटते. त्यात सडण्याचे 10-15 टक्के धरा आणि दर आठवड्याला चाळून काढा, एक सडका कांदा शेजारचे नासवतो. डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा इथले भाव पडले, मे 2024 मध्ये बंदी उठली. आपल्याला तेव्हा कांदा स्वस्त मिळाला, पण तो निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या पदरचा तोटा होता. कांदा चार पैसे महाग झाला म्हणून डब्याचं गणित कोलमडत नाही, हे वर पाहिलंच. तेव्हा मंडईत शेतकऱ्याशी त्यावरून घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

तेल घेताना डब्यावरचं लिहिलेलं नीट वाचा. 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा दिसायला सारखे असतात. लिटरभर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. "आमच्याकडे 100 रुपये स्वस्त" म्हणणाऱ्याचा डबा अनेकदा लिटरचा असतो. पिशव्याही आता पूर्ण लिटरच्याच असतात असं नाही. भाव नेहमी किलोवर काढा. तुम्हाला महिन्याला साडेबारा किलो तेल लागतं, म्हणून एका वेळी एकच डबा. तेलाचा भाव सरकारी निर्णयाने रातोरात बदलतो, साठा करून जुगार खेळायची गरज नाही. डाळ-तांदळाचं मात्र उलट. 25 किलोपर्यंतच्या सीलबंद, छापील पिशवीवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर नाही. म्हणून बाजारात 26 आणि 30 किलोची पोती दिसतात. तूरडाळ तुम्हाला महिन्याला साडेपंधरा किलो लागते, 30 किलोचं पोतं दोन महिने जातं. फक्त पावसाळ्यात एवढी घेऊ नका, कीड लागते.

घरगुती सिलिंडरबद्दल स्पष्ट सांगते. 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. तपासणी झाली तर जप्ती होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. 19 किलोचा घ्या. वरच्या बेरजेत त्याचाच भाव धरला आहे. तुम्हाला तो महिन्याहून जास्त पुरेल.

तुमच्या वेळेचा मोठा भाग पोळ्यांत जातो. एकटी बाई लाटून-भाजून तासाला 40 ते 45 पोळ्या करते. 96 पोळ्यांना सव्वादोन तास, तेही उभ्याने. एक लाटायला आणि एक भाजायला असेल तर तासाला 70-80 होतात. पोळ्यांना मदतनीस ठेवायची तर ती नगावर पैसे घेते. नगाला अडीच रुपये धरले तर रोजचे 240, महिन्याचे 6,240. आजच्या 17,000 मधून ते देणं जड आहे. पण खाड्यांचे 4,160 परत आले आणि दर सुधारला तर झेपतं, आणि तेव्हा जरूर ठेवा. कंबर आणि मनगट धरलं की धंदा बंद पडतो, आणि घरच्या धंद्याला पगारी रजा नसते. तोवर ओट्याची उंची तपासा: लाटताना कोपर साधारण काटकोनात यावा, वाकावं लागत असेल तर पोळपाटाखाली लाकडी पाट ठेवा. पायांखाली जाड रबरी चटई टाका. भाजलेली पोळी लगेच थराला लावू नका. जाळीवर किंवा सुती कापडावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग घडी करून रचा. गरम पोळ्या बंद डब्यात घाम सोडतात, खालच्या दोन चिकटतात, आणि "पोळ्या ओल्या होत्या" ही तक्रार येते.

उन्हाळ्यात आंबण्याची भीती भात आणि कोशिंबिरीला जास्त. भात शिजवून कोमट अवस्थेत तासन् तास ठेवणं धोक्याचं, कारण तांदळातले काही जंतू बीजरूपात शिजवण्यातूनही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. भात सगळ्यात शेवटी लावा आणि गरम असतानाच डब्यात भरा. शिजवल्यापासून खाईपर्यंत चार तासांच्या वर जाऊ नये, असा वेळ बांधा. तुमचे डबे साडेअकराला निघत असतील तर भात साडेदहाच्या आधी उतरवू नका. एप्रिल-मेमध्ये दह्याची कोशिंबीर बंद, त्याऐवजी कांदा-काकडी लिंबू पिळून, किंवा नुसती चटणी. ओल्या खोबऱ्याचं वाटणही त्या दोन महिन्यांत टाळा, सुकं खोबरं भाजून वापरा.

कागदपत्रांत एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. तुमच्या आकाराच्या घरगुती धंद्याला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला 100 रुपये, अर्ज ऑनलाइन. 14 आकडी क्रमांक मिळतो, तो कार्डावर छापा. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर लागते. तुमची साडेचौदा-पंधरा लाखांना पोचायलाही डबे दुपटीहून जास्त करावे लागतील, तेव्हा आज ती चिंता नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती हिशेबात धरावी लागेल. तुमचे निम्मे मेंबर विद्यार्थी आहेत. दिवाळीत पंधरा दिवस आणि परीक्षा संपल्यावर मे ते जूनमध्यापर्यंत ते नसतात. म्हणजे बारा महिन्यांपैकी सुमारे दोन महिने तुमची कमाई अर्ध्यावर येते. चांगल्या महिन्यातले 1,500-2,000 रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, ती एप्रिलअखेर मोडेल अशी. आणि नवे मेंबर घ्यायचे झाले तर नोकरदार घ्या, विद्यार्थ्यांचं प्रमाण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका.

आता दरवाढ. 80 ला डब्यामागे 34 उरतात, 24 डब्यांचे 816. 90 ला 44 उरतील. 816 रुपये मिळवायला 44 च्या हिशेबाने 19 डबे पुरतात. म्हणजे दर 90 केल्यावर पाच मेंबर सोडून गेले तरी तुमची कमाई आजच्याइतकीच राहते, आणि 20 पोळ्या कमी लाटाव्या लागतात. गॅस-पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून पाचऐवजी चार धरा. तुमच्याच भागात तोच डबा 75 ला देणारं कुणी असेल तर जास्त जातील, तसं असल्यास 85 वर थांबा.

माझा सल्ला क्रमाचा आहे. आधी कार्ड सुरू करा आणि एक महिना जाऊ द्या. त्याच महिन्यात वजनावर या आणि वही लिहा. मग दर वाढवा. दोन्ही एकदम केलंत तर मेंबर गेला तो नियमामुळे की दरामुळे, हे कळणार नाही. दर वर्षातून एकदाच बदला, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना. तेव्हा नव्या मेंबरांना नवाच दर सांगता येतो आणि जुन्यांना तो वेगळा वाटत नाही. दरवाढीबरोबर भाजीची वाटी लहान करू नका, ते लगेच लक्षात येतं. जमल्यास महिन्यातून दोनदा काही गोड द्या, शिरा किंवा खीर. डब्यामागे सात-आठ रुपये धरले तरी दोन वेळचे महिन्याला 350-400 रुपये होतात.

मेसेज पंधरा दिवस आधी पाठवा, आणि त्यात महागाईचं रडगाणं नको. असा चालेल: "नमस्कार. 1 जुलैपासून डब्याचा दर 90 रुपये राहील, 26 डब्यांचं कार्ड 2,340 रुपये. 30 जूनपर्यंत घेतलेलं कार्ड जुन्याच दराने पूर्ण होईल. डबा नको असल्यास आदल्या रात्री 8 पर्यंत कळवावं. पदार्थ आणि प्रमाण आहे तेच राहील." कुणी भाव कमी करायला सांगितलं तर 80 ला तीन पोळ्यांचा, बिनभाताचा डबा देऊ करा. एक पोळी आणि भात गेल्यावर तुमचे साहित्याचे पाच-साडेपाच रुपये वाचतात, म्हणून तो दर फक्त अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवा, सगळ्यांसाठी नको.

महिन्याची वही झाली की चार आकडे इथे लिहा: गेलेले डबे, आठनंतरचे खाडे, भाजीचा एकूण खर्च आणि घरासाठी काढलेलं सामान. ते पाहून तुमच्यासाठी 85 बरोबर की 90, हे नेमकं सांगता येईल.